इडलीवर जमवलेली जर्मन मोहरी

लग्नकार्यात पुण्या-मुंबईकडच्या पाव्हण्या भेटल्या की हमखास विचारतात, "मावशी, तुम्ही नोकरीत होता म्हणे. बँकेत की शाळेत?" मी सांगते, "मोहरी हुंगायच्या नोकरीत." त्या हसतात. मी हसत नाही. मग त्यांना वाटतं, बाईला काय की झालंय, आणि त्या साड्यांवर घसरतात. या अंकासाठी कामाचे अनुभव लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी आधी नक्कोच म्हटलं होतं. लोणच्याच्या कारखान्यातल्या बाईनं काय लिहायचं? पण मग ती जर्मन मोहरी आठवली आणि मी एकटीच स्वयंपाकघरात हसत बसले. आमचे हे काय झालं ते बघायला आले. त्यांनाही मी आजवर सगळं सांगितलेलं नाही. आता छापूनच येऊ दे.

आम्ही मूळचे नांदेडकडचे शेतकरी. वडील तरुणपणीच हैदराबादेत आले, त्यामुळे माझी शाळा, लग्न, संसार सगळं इथंच, नल्लकुंट्यात. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले आणि उप्पलच्या एका लोणच्याच्या कारखान्यात मुलाखतीला गेले. मालक चलपती राव, सगळ्यांचे रावगारू. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. तीन वाट्या पुढे ठेवल्या आणि डोळे मिटून वास घ्यायला सांगितलं. तिसऱ्या वाटीला मला अशी शिंक आली की त्यांच्या टेबलावरचे कागद उडाले. रावगारू खूश. म्हणाले, "नाक चांगलं आहे. उद्यापासून या." अशी मी मोहरी खात्याची प्रमुख झाले आणि कारखान्यातल्या बायकांनी माझी जाधवम्मा केली.

ज्यांना मोहरी म्हणजे फोडणीत तडतडणारे काळे दाणे एवढंच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगते. कोरडी मोहरी झोपलेली असते. चावून बघा, जराशी कडवट लागेल, बस्. तिला जाग येते पाण्यानं. भरडून गार पाणी घातलं आणि फेसली, की ती उठून थेट नाकात जाते. यालाच आपण मोहरी चढली म्हणतो. गरम पाणी घातलंत तर ती झोपेतच मेली. आंध्रातलं आवकाय म्हणजे कैरी आणि तिखट असं बाहेरच्यांना वाटतं, पण त्यातला 'आव' म्हणजे मोहरी, आणि ती मेलेली असेल तर ती बरणी गायीलाही घालू नये. ती मरू न देणं हे माझं काम. कुठल्या शेतातली, कधी दळलेली, किती गार पाण्यात भिजवलेली, सगळं माझं नाक सांगायचं. माझी लाडकी म्हणाल तर बारीक लालसर राई. दिसायला गरीब, पण फेसली की भल्याभल्यांची खोड मोडते. मोठी काळी फोडणीला बरी. पिवळी मला मुळीच आवडायची नाही, दिसायला गोड आणि अंगात काही नाही.

गिऱ्हाइकंही एकेक नग होती. सिकंदराबादचे एक बंगाली रेल्वे अधिकारी कासुंदी, म्हणजे बंगाली पद्धतीची फेसलेली मोहरी, मागायला यायचे. बाटली उघडून हुंगायचे, नाक लाल व्हायचं, आणि मग तिथेच उभं राहून आईच्या आठवणी सांगायचे. बाटली मात्र घ्यायचे नाहीत. म्हणायचे, घरी आईची आठवण काढलेली बायकोला चालत नाही.

तर हे सगळं सुरळीत चाललं होतं आणि बाजार खुला झाला. टीव्हीवर चॅनेलं आली, दुकानांत चकचकीत काचेच्या बाटल्या आल्या, मोठमोठ्या कंपन्यांची लोणची आली. त्यांच्या लोणच्यात मोहरी मेलेलीच असायची, पण झाकण काय सुंदर! आमचे दुकानदार एकेक करून गळायला लागले. रावगारूंनी मला बोलावलं आणि छताकडे बघत म्हणाले, "जाधवम्मा, दसऱ्यापर्यंत बघतो. नाही जमलं तर मोहरीची पूड बाहेरून आणू. खातं बंद." खातं म्हणजे काही नुसती चक्की नव्हती. सुपानं मोहरी पाखडणाऱ्या बायका होत्या, आणि त्यांची म्होरकी यादम्मा. तिच्या सुपातून एक खडा पुढे गेलेला मी कधी पाहिला नाही आणि तिच्या तोंडून एक शब्द आत राहिलेलाही पाहिला नाही. मला दुसरी नोकरी कुठली मिळणार? मोहरीचं नाक कोण ठेवून घेतं? आणि या बायकांना तर तेवढंही नाही.

त्याच हिवाळ्यात नामपल्लीच्या नुमाइशीत, म्हणजे दरवर्षीच्या मोठ्या प्रदर्शनात, आमचा स्टॉल होता. एक उंच, गोरा, उन्हानं भाजलेला माणूस लोणच्यांपुढे येऊन थांबला. नाव वर्नर. शहराबाहेर त्याच्या कंपनीचा यंत्रांचा नवा कारखाना उभा राहत होता आणि तिथल्या जर्मन माणसांच्या खाण्यापिण्याची व्यवस्था याच्या गळ्यात पडली होती. त्यानं केविलवाणा चेहरा करून विचारलं, "तुमच्याकडे गोड मोहरी आहे?"

रावगारूंनी आयुष्यात गिऱ्हाइकाला 'नाही' म्हटलं नव्हतं. म्हणाले, "आहे ना! पुढच्या महिन्यात." आणि माझ्याकडे वळून तेलुगूत म्हणाले, "ही काय भानगड असते?"

वर्नरनं घरून आणलेली शेवटची बाटली नमुना म्हणून आम्हाला दिली. देताना त्याचा हात सुटत नव्हता. आत तपकिरी, भरड, चिकट असं काहीतरी होतं. मी चमच्याच्या टोकावर घेऊन चाखलं आणि कपाळाला हात लावला. मोहरीचा मुरंबा! भरडलेल्या मोहरीवर उकळता पाक ओतलेला, वरून आंबट सिरका, म्हणजे व्हिनेगर; शिवाय कांद्याचा वास, लवंग. झणका नावाला नाही. मी उभी हयात जिला जिवंत ठेवलं तिला या लोकांनी समजून-उमजून ठार केलं होतं, आणि त्यांना ती आवडत होती. यादम्मानं बोट चाटलं. म्हणाली, "अम्मा, ये बिगड गया. फेंक देव."

"फेकायचं नाही, असंच करायचंय," मी म्हटलं.

"जानबूझ के?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मलाच लाज वाटली.

पहिली खेप केली ती सवयीनं चुकली. पाक उकळता ओतायचा होता. माझा हात धजेना. मी तो जरा निववून ओतला. मोहरी मेली नाही, उलट रागावली. वर्नरनं विश्वासानं मोठा चमचा तोंडात घातला, मग डोळे विस्फारले, मग तो टेबलाभोवती एक फेरी मारून सरळ बाहेर गेला. पटांगणात कैऱ्या धुवायच्या हौदात त्यानं डोकं घातलं. बायका काम टाकून बघायला आल्या. परत आल्यावर ओल्या डोक्यानं म्हणाला, "मॅडम, फार प्रामाणिक मोहरी आहे. पण ही नको."

मग मी मन घट्ट केलं आणि उकळता गुळाचा पाक ओतायला लागले. मोहरी मरताना एक वाफ निघायची, तेवढी चुकवून बाजूला उभी राहायचे. चव जमायला लागली. वर्नर मात्र मान हलवायचा. म्हणायचा, "चमच्यानं काही कळत नाही. ही एकटी खायची मोहरी नाही. हिची परीक्षा पांढऱ्या सॉसेजबरोबर."

पांढरं सॉसेज म्हणजे डुकराचं मांस बारीक वाटून, त्यात कोथिंबिरीसारखा पाला नि लिंबाची साल घालून आतड्यात भरतात. गरम पाण्यात ठेवतात, उकळू देत नाहीत, आणि खाताना वरची साल काढून टाकतात. सिकंदराबादच्या मेरी आंटी ते करायला तयार झाल्या. त्या अँग्लो-इंडियन, बाकी हॅम-सॉसेजमध्ये त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण रोज करून चाखायचं कुणी? वर्नर कधीतरीच यायचा. आमच्यात मटण चालतं, कोंबडी चालते, पण डुक्कर? सासूबाई तेव्हा हयात होत्या. उंबऱ्याबाहेरच अंघोळ घातली असती, आणि ती घासणीनं.

मी मेरी आंटींना विचारलं, "लागतं कसं ते?"

त्या म्हणाल्या, "सॉफ्ट. व्हाइट. स्टीम्ड. लाइट-लाइट."

मऊ, पांढरं, वाफवलेलं, हलकं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इडली! कारखान्यासमोरच्या हॉटेलातून रोज इडल्या यायला लागल्या. मी त्या बोटाएवढ्या लांबट कापायचे आणि मोहरी लावून खायचे. कधी गूळ कमी, कधी सिरका कमी, कधी लवंग जास्त. आठवडेच्या आठवडे हेच. घरी आमच्या यांनी हौसेनं इडलीचं पीठ आणलं तर मी ते उचलून शेजारी देऊन टाकलं. शेवटी एक दिवस अशी जमली की बास. गोड, भरड, जिभेवर अलगद, इडलीबरोबर तर स्वर्ग. सॉसेज त्या दिवशी नव्हतं, तेव्हा वर्नरनंही चमच्यानंच खाऊन बोटाची आणि अंगठ्याची गोल खूण केली. त्याचे मोठे साहेब जर्मनीहून यायचे होते. त्यांना पसंत पडली तर इथल्याच नाही, पुण्या-बंगळूरच्या त्यांच्या सगळ्या कॅन्टीनना आमची मोहरी. म्हणजे खातं जगलं.

मोठे साहेब शुक्रवारी सकाळी येणार, संध्याकाळच्या विमानानं परत. आणि इथून खरी गंमत.

वर्नरनं आधीच बजावलं होतं. पांढरं सॉसेज दुपारी खात नाहीत. त्यांच्याकडचा कडक रिवाज असा, की सॉसेजला चर्चच्या बाराच्या घंटा ऐकू येता कामा नयेत. जुन्या काळी फ्रीज नव्हते, सकाळचं केलेलं दुपारी नासायचं. आता घरोघर फ्रीज आले, तरी रिवाज तो रिवाज. मी म्हटलं, हरकत नाही, साडेनऊला उरकू. रावगारूंनी भिंतीवरचं पंचांग बघितलं. शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. राहुकाळात रावगारू नवं काम तर सोडाच, नवी चप्पलही पायात घालत नसत. साडेनऊ त्यांनाही पसंत पडलं. सगळं ठरलं.

आणि मेरी आंटींच्या ऑटोची क्लच-वायर तार्नाक्याला तुटली.

त्या घामाघूम होऊन, पातेलं मांडीवर धरून पोचल्या तेव्हा पावणेअकरा झाले होते. मोठे साहेब गळ्यात रुमाल बांधून बसले होते. रावगारू दोन्ही हात पसरून दारात आडवे उभे. "एक घास आत जायचा नाही! राहुकाळात चाखलं तर ऑर्डर राहूच्या पोटात जाईल!"

वर्नरनं हे मोठ्या साहेबांना समजावलं. मला वाटलं, ते हसतील किंवा उठून जातील. कसलं काय! ते गंभीरपणे म्हणाले, "असा नियम असेल तर पाळलाच पाहिजे. बारानंतर बसू?" मग त्यांना स्वतःचा नियम आठवला आणि चेहरा पडला. "पण बारानंतर आम्हाला चालत नाही."

म्हणजे बाराच्या आत रावगारूंना चालत नाही आणि बारानंतर जर्मनांना. दोन शहाणीसुरती माणसं समोरासमोर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती, आणि माझं खातं त्या दोन काट्यांच्या मध्ये अडकलं होतं. वर्नर म्हणाला, बरोबर बारा वाजता खाऊ. रावगारू म्हणाले, बरोबर बारा म्हणजे कुणाच्या घड्याळात? त्यांचं भिंतीवरचं घड्याळ रेडिओच्या पुढे, साहेबांचं मनगटावरचं मागे. तासभर हाच वाद. कुणी आवाज चढवला नाही, म्हणून तो संपेचना.

शेवटी मेरी आंटींचा संयम सुटला. पातेल्यातलं पाणी सारखं गरम ठेवून त्यांचा हात भरून आला होता. "अरे कायकी घंटा? इधर चर्च किधर है? मेरे सॉसेजकू क्या सुनाई देता?"

मी ते इंग्रजीत सांगितलं तशी मोठ्या साहेबांनी मान वर केली. त्यांनी विचारलं, "इथं बारा वाजता काय वाजतं?"

"भोंगा," मी म्हटलं. "जेवणाच्या सुट्टीचा."

"तो वाजला नाही तर?"

रावगारूंचे डोळे चमकले. त्यांनी शिपायाला ओरडून सांगितलं, "भोंगा बंद! मी सांगेपर्यंत बारा वाजवायचे नाहीत!" घड्याळानं राहुकाळ संपणार होता, आणि भोंगा वाजला नाही म्हणून सॉसेजच्या दृष्टीनं दुपार होणार नव्हती. दोघांचाही धर्म राहिला. मोठ्या साहेबांनी उठून रावगारूंशी हात मिळवला. मी इतकी वर्षं कारखान्यात काढली, पण याच्याइतका चोख निवाडा पाहिला नाही.

फक्त बायकांना कुणी विचारलं नव्हतं. बारा वाजून गेले, भोंगा नाही. डबे समोर ठेवून सगळ्या खात्यातच बसल्या. यादम्माचा आवाज इथपर्यंत येत होता, "पेट में बज गए बारा, इनका भोंगा नहीं बजता!"

राहुकाळ सरल्यावर रावगारू दारातून बाजूला झाले. मेरी आंटींनी सॉसेज वाढलं. मोठ्या साहेबांनी सुरीनं चीर देऊन साल उलगडली, मोहरीत बुडवून घास घेतला, हळूहळू चावला. दुसरा घास घेतला. मग सुरी खाली ठेवली आणि म्हणाले, "फार वेगळी आहे. फारच वेगळी."

रावगारू उडालेच. "जाधवम्मा! नारळ!"

मी वर्नरकडे बघितलं. त्याचा चेहरा बाटलीच्या झाकणासारखा सपाट झाला होता. मला कळलं. स्थळाकडची माणसं चहा पिऊन 'कळवतो' म्हणतात ना, तसलं ते 'वेगळी'. साहेबांनी गळ्यातला रुमाल सोडायला घेतला.

काय चुकलं? मी तीच मोहरी पुन्हा चाखली. उत्तम! म्हणजे चूक मोहरीत नव्हती, मोहरी आणि त्या पांढऱ्या वस्तूच्या मध्ये कुठेतरी होती, आणि ती कळायचा एकच रस्ता ताटात पडलेला होता. मला सासूबाई दिसल्या. मग दारातून, डबे समोर ठेवून उपाशी बसलेल्या बायका दिसल्या. बायका समोर होत्या, सासूबाई नल्लकुंट्यात होत्या. मी काटा उचलला, सॉसेजचा तुकडा मोहरीत घोळवला आणि तोंडात टाकला.

मेरी आंटी म्हणाल्या, "ओ माय गॉड, मिसेस जाधव!"

मी डोळे मिटून चावत होते. मऊ, हो. पण आत चरबी, मीठ, आणि आंबटाचा पत्ता नाही. आणि माझी इडली? आंबवलेली! अगं बाई! इतके आठवडे इडलीच्या आंबटपणावर मी मोहरीतला सिरका कमी-कमी करत आणला होता. इडलीबरोबर नेमकी झालेली मोहरी या चरबीपुढे नुसता गुळाचा गोळा लागत होती. मी ओरडले, "थांबा! रुमाल सोडू नका!"

धावत जाऊन सिरक्याची बाटली आणली. वाडग्यात सिरका ओतला, चिमूटभर मीठ टाकलं, ढवळलं. सॉसेजबरोबर चाखलं, अजून थोडा ओतला, पुन्हा चाखलं. रावगारू भिंतीला टेकून देवाचं नाव घेत होते. मग मी वाडगा साहेबांपुढे सरकवला.

त्यांनी घास घेतला. चावायचे थांबले. पुन्हा चावायला लागले. आख्खं सॉसेज संपवलं, दुसरं घेतलं, तेही संपवलं, आणि ताटातली मोहरी पावाच्या तुकड्यानं पुसून खाल्ली. मग वर्नरला जर्मनमध्ये काहीतरी म्हणाले. वर्नरनं मला सांगितलं, "ते विचारतायत, पहिली खेप कधी मिळेल?"

मी खाली बसले ती बसलेच. खातं वाचलं होतं.

रावगारू पाहुण्यांना घेऊन देवाच्या तसबिरीपुढे नारळ फोडायला गेले. मेरी आंटी पंख्याखाली जाऊन आडव्या झाल्या. भोंगा वाजला, आणि बायका एकदाच्या जेवायला उठल्या. मी एकटी उरले, आणि पातेल्यात एक सॉसेज. मी त्याच्याकडे बघत होते. पहिला घास खात्यासाठी घेतला होता. चव बघायला घेतले तेही खात्यासाठीच. पण खरं सांगू? आवडलं होतं मला ते.

दार लोटल्याचा आवाज आला. यादम्मा आत आली, कडी लावली आणि दाराला पाठ टेकून बसली. "खाव अम्मा. कौन देखता? तुम्हारी सास क्या उप्पल आती?"

मी निम्मं तिला दिलं. दोघींनी कडेकडेनं साल सोलली. मी त्यावर मोहरी वाढली. तिच्या पोटाची मोहरी, तिच्या नोकरीची मोहरी, मी इतक्या आठवड्यांच्या इडल्या खाऊन, देवाधर्माला बाजूला ठेवून जमवलेली मोहरी. यादम्मानं एक घास घेतला. थांबली. मग बोटानं ती सगळी मोहरी निपटून ताटाच्या कडेला लावली, कमरेची पुडी सोडून आपलं लाल आवकाय काढलं, सॉसेजवर थापलं आणि मिटक्या मारत म्हणाली, "अब खाव. मटण तो अच्छा था."